सेक्स्तांतियो, सान्तो स्तेफानो दि सेस्सानिओ (इटली): काजळी जपणारं हॉटेल

जुन्या घरांची दुरुस्ती हे माझं काम, त्यामुळे खोलीत शिरल्यावर मी आधी भिंती पाहिल्या. चुलाण्यावरची काजळी तशीच ठेवलीय. तुळयांवरच्या खाचा बुजवलेल्या नाहीत, गिलावा जिथे धड आहे तिथे हातही लावलेला नाही. जमीन मात्र पायाला उबदार लागते, कारण तापवण्याची सगळी सोय फरशीखाली दडवलीय. एवढा संयम दाखवणारं काम मी क्वचितच पाहिलंय. गरिबांचं घर दुरुस्त करताना त्याची गरिबी पुसून टाकायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

आब्रुत्सोच्या डोंगरात, साधारण 1250 मीटरवर हे गाव आहे. फ्लॉरेन्सच्या धनाढ्य मेदिची घराण्याच्या काळात ते लोकरीवर पोसलं. पुढे मेंढपाळी मोडली, माणसं पोटासाठी परदेशी गेली आणि मागे जेमतेम शंभर-सव्वाशे उरली. हॉटेलचे संस्थापक, उद्योजक दानिएले किलग्रेन यांनी 1999 मध्ये हे गाव पाहिलं आणि पडीक घरं घ्यायला सुरुवात केली. नवी इमारत न बांधता त्याच घरांच्या खोल्या केल्या. स्वागतकक्ष एका घरात, जेवण दुसरीकडे, झोपायचं तिसऱ्याच गल्लीत. गावभर विखुरलेल्या हॉटेलची ही कल्पना मूळची पर्यटनतज्ज्ञ जानकार्लो दाल्लारा यांची, 1976 च्या ईशान्य इटलीतल्या फ्रिउलीच्या भूकंपानंतर रिकाम्या घरांचं काय करायचं या प्रश्नातून निघालेली.

गावचा गोल बुरूज आवर्जून बघा. 2009 च्या लाक्विला भूकंपात तो कोसळला. आधीच्या दुरुस्तीत माथ्यावर घातलेलं जड काँक्रीट हे त्यामागचं एक कारण सांगतात. दगडी बांधकामावर सिमेंटचं ओझं लादणाऱ्या प्रत्येकाला मी इथे आणून उभं करीन! आता बुरूज पुन्हा बांधलाय.

माझे पाचपैकी साडेचार. अर्धा राखून ठेवलाय, कारण पाहुण्यांनी भरलेलं गाव आणि नांदतं गाव यांत फरक असतो. पुढची काही घरं तरुण कुटुंबांना बारमाही राहायला मिळावीत, असं मला मनापासून वाटतं. इथल्या बारीक मसुराची शेती टिकवायलाही माणसं लागतीलच.

गुडघे दुखत असतील तर स्वागतकक्षाजवळची खोली मागा. गल्ल्या दगडी आणि चढाच्या आहेत, सामान हातानेच न्यावं लागतं. खिडक्या लहान, उजेड मंद. भिंतींची जाडी आणि थंडी बघता तेच योग्य आहे.