जुकी डीएनयू-१५४१: लेदर पायपिंगला कसं आहे?

सांगली-मिरज भागात सोफा, सीटकव्हर शिवणाऱ्यांसाठी मशीन दमदार. सुई, फूट (वरून लेदर दाबणारा पाय), दातरी (खालून लेदर पुढं ढकलणारी दातांची पट्टी) तिन्ही एकत्र सरकतात, त्यामुळे वरचं लेदर मागं राहत नाही. टाका ९ मिमीपर्यंत जातो. पायपिंगला, म्हणजे दोरीवर लेदर गुंडाळून केलेल्या गोल किनारीला, ४ पुरे.

खरी गोम फूटमध्ये. साध्या फूटवर पायपिंग घट्ट बसतच नाही, खाचेचं वेगळं घ्या. ४ मिमी दोरीवर १ मिमी लेदर चढलं की जाडी ६ होते. खाचही तेवढीच हवी. सैल असली की पायपिंग आत डुलते नि पहिली शिवण (दोरीभोवती लेदर बंद करणारी) बाहेर डोकावते. म्हणून पहिली शिवण दोरीपासून मिलिमीटरभर लांब, शेवटची (पायपिंग कव्हरला जोडणारी) अगदी चिकटून. जोडावर लेदर तासलं नाही, तर फूट तिथं अडतं आणि टाके आखूड पडतात. कोपऱ्यात मार्जिनला (शिवणीबाहेरच्या जादा लेदरला) कात्री मारायचीच, शिवणीच्या २ मिमी अलीकडे थांबून.