चिनी संगीताची ओळख: आधी पियानो की मूळ वाद्य?

चिनी अभिजात संगीत ऐकायला घेतलं की एकाच रचनेची दोन रूपं समोर येतात, एक मूळ वाद्यावरचं आणि दुसरं पियानोवरचं. आधी कुठलं ऐकावं? मूळ वाद्य गजाचं आहे, फुंकायचं आहे की छेडायचं, यावर ते ठरवावं असं मला वाटतं.

‘अरछ्वान यिंगय्वे’ ही वूशी शहरातल्या आबिंग या अंध वादकाची एरहूवरची रचना. एरहूला तारा दोनच. गज त्या दोन तारांमधून फिरतो आणि तारांखाली पट्टी नसल्यामुळे बोट अधांतरी सरकतं. रचनेतली सगळी व्याकुळता त्या सरकण्यात आहे. चू वांगह्वा यांनी १९७२ मध्ये तिला पियानोचं रूप दिलं: मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्याच्या, जागी कणस्वर (मुख्य स्वराला लागून येणारे निसटते स्वर), खाली भरदार स्वरमेळ. छान आहे, पण पेटीतून मींड निघत नाही ही आपल्याकडची जुनी तक्रार इथेही लागू पडते. तेव्हा आधी एरहूच. १९५० मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी आबिंगचं वादन ध्वनिमुद्रित झालं होतं. खरखर आहे, तरी तेच ऐका.

पिपाचं मात्र उलट. चार तारांचं हे वाद्य छेडून वाजवतात. स्वर उमटतो आणि विरतो, अगदी पियानोसारखा. ‘शीयांग श्याओगू’ ही पिपावरची रचना; नावाचा अर्थ मावळतीच्या वेळची बासरी आणि ढोल. ली यिंगहाईंच्या पियानोरूपात सुरुवातीला एकच स्वर सावकाश पडतो, मग भराभर: दुरून येणारा ढोल. पेडल दाबून ठेवल्यावर स्वर एकमेकांत मिसळतात आणि नदीचं पात्र रुंदावल्यासारखं वाटतं. इथे खुशाल पियानोपासून सुरुवात करा; मला तर काही जागा पिपापेक्षा पियानोवर जास्त भावतात.

सुओना आपल्या सनईच्या कुळातली. तिच्या ‘पायन्याओ छाओफंग’मधले पक्ष्यांचे आवाज वांग ज्यानजोंग यांनी १९७३ मध्ये पियानोवर आणले. गंमत येते, पण सुओनाचा तो रांगडा दणका कुठून येणार?

यातली बरीच रूपांतरं सत्तरच्या दशकातलीच आहेत. सांस्कृतिक क्रांतीत पाश्चात्त्य रचना वाजवायला बंदी होती, म्हणून पियानोवादक देशी चालींकडे वळले.

ऐकण्यापेक्षा वाजवायचंच असेल तर रूपांतरांच्या नादी न लागता ह लूथिंग यांची ‘मूथोंग द्वानदी’ घ्या. ती मुळातच पियानोसाठी लिहिलेली आहे. शांघायमध्ये रशियन संगीतकार चेरेपनिन यांनी भरवलेल्या स्पर्धेत १९३४ मध्ये तिला पहिलं बक्षीस मिळालं. सूर पाच स्वरांभोवती फिरतात, त्यामुळे भूप ऐकलेल्या कानाला ते परके वाटत नाहीत. डावा हात मात्र नुसती साथ करत नाही, त्याची स्वतःची वेगळी चाल आहे. दोन्ही हात आधी सुटे बसवा, मधला जलद भाग सर्वांत शेवटी.