शिकायला कुठे, बघायला कुठे: बॅकपॅकिंगच्या वाटेवरचे स्कुबा मुक्काम

स्कुबाचं, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली डायव्ह करण्याचं प्रमाणपत्र नसेल, तर इंडोनेशियातलं कोमोडो सध्या बाजूला ठेवा आणि थायलंडचं कोह ताओ की इंडोनेशियातली गिली बेटं, एवढंच ठरवा. प्रमाणपत्र आधीच असेल, तर कोह ताओवर आठवडा घालवण्यापेक्षा थेट इंडोनेशिया किंवा फिलिपिन्स गाठा. माझं मत इतकं सरळ आहे. मात्र ऋतू, प्रवाह आणि पुढच्या विमानाचं तिकीट या तीन गोष्टींवर बरंच काही फिरतं.

कोह ताओ की गिली?

थायलंडच्या आखातातल्या कोह ताओ बेटावर डायव्हिंग शाळांची इतकी दाटी आहे, की आज पोहोचलात तर उद्या ओपन वॉटरचा, म्हणजे पहिल्या प्रमाणपत्राचा कोर्स सुरू होऊ शकतो. तीन-चार दिवस लागतात, त्यानंतर १८ मीटरपर्यंत उतरता येतं. कोर्स करणाऱ्यांना बऱ्याच शाळा डॉर्ममधली जागा फुकट किंवा स्वस्तात देतात. पण नवख्यासाठी खरी जमेची बाजू म्हणजे तिथले उथळ, शांत उपसागर. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरायचं आणि नाकाने हवा फुंकून ते बाहेर काढायचं, हा सराव पहिल्यांदा करताना बहुतेकांची छाती धडधडते. अशा वेळी गुडघे वाळूत टेकलेले असावेत आणि पाणी अंगाला कुठे ओढत नसावं. भीती तिथेच निम्मी होते.

उणी बाजू गर्दीची. एकेका जागेवर बोटींची रांग लागते आणि पाणी रोज सारखं नितळ नसतं. चुम्फोन पिनॅकल आणि सेल रॉक या तिथल्या खऱ्या देखण्या जागा, पण त्या कोर्सच्या डायव्हमध्ये सहसा येत नाहीत. त्यांच्यासाठी एक दिवस जास्तीचा ठेवा. मार्च ते मे या काळात व्हेल शार्क दिसण्याची शक्यता असते, खात्री नाही.

गिली म्हणजे बालीशेजारच्या लोंबोक बेटाच्या वायव्येची तीन चिमुकली बेटं: त्रावांगन, मेनो आणि आयर. मोटारींना बंदी, फिरायला सायकल नाहीतर घोडागाडी. कासवांच्या बाबतीत कोह ताओ इथे कुठेच टिकत नाही. कोर्स चालू असतानाच ती शेजारून निघून जातात. उथळातलं प्रवाळ मात्र बऱ्याच ठिकाणी मोडलेलं आहे. शिवाय बेटांमधून पाण्याला ओढ असते, त्यामुळे पुष्कळ डायव्ह प्रवाहासोबत वाहत जाऊन कराव्या लागतात. ज्याला पाण्याची धास्ती आहे त्याला मी कोह ताओच सांगेन. जो निवांत पोहतो त्याला गिली. नोव्हेंबर-डिसेंबरात मात्र कोह ताओला पावसाळा ऐन भरात असतो आणि समुद्र खवळलेला असतो, तेव्हा तिथला बेत टाळा. गिलीचा कोरडा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर.

कुठेही शिका, पैसे भरण्याआधी एक विचारा: एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? समुद्रात आठ विद्यार्थी नियमात बसतात, पण जिथे चार असतील तिथे जा. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

(वाट मध्य अमेरिकेतून जात असेल तर होंडुरासचं उतिला बेट हेच काम करतं. ला सैबा या बंदरातून फेरी आहे. वर्षअखेरीचा पाऊस टाळावा.)

तुलांबेन की कोमोडो?

नुकतंच प्रमाणपत्र मिळालं असेल तर तुलांबेन, त्यात मला शंकाच नाही. बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर यूसॅट लिबर्टी हे अमेरिकी मालवाहू जहाज पाण्याखाली आडवं पडलं आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला, तेव्हा ते ओढून या किनाऱ्याला लावलं गेलं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी जागा झाला आणि ते समुद्रात सरकलं. वरचा भाग पाचेक मीटरवर, तळ तिशीच्या आसपास. म्हणजे ओपन वॉटरवाल्यालाही बरंचसं जहाज पाहता येतं. बोट लागत नाही, किनाऱ्यावरून चालत आत शिरायचं. गावातल्या बायका भरलेले सिलिंडर डोक्यावर घेऊन गोट्यांच्या किनाऱ्यावरून झपझप जातात. त्याच गोट्यांवर आपण मात्र जाड तळाचे बूट घालूनही अडखळतो. मुक्काम गावातच करा आणि उजाडताच पाण्यात उतरा. दक्षिण बालीतल्या गाड्या येईपर्यंत जहाज जवळजवळ तुमचंच असतं.

कोमोडोचं पाणी याहून कितीतरी भरलेलं आहे. मांता रे, शार्क, माशांच्या भिंती, सगळं काही. पण हे सगळं तिथे आहे ते प्रवाहामुळेच, आणि तो प्रवाह वर-खालीही ओढतो. कॅसल रॉकसारख्या जागी चार डायव्हच्या अनुभवावर जाऊ नका. ओपन वॉटरच्या पुढचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स आणि शरीर पाण्यात स्थिर ठेवण्याचा सराव झाल्यावर कोमोडोच्या बोटी जिथून सुटतात ते लाबुआन बाजो गाठा. खर्च जास्त आहे, तो अर्धवट तयारीवर वाया घालवू नये.

फिलिपिन्समध्ये वेळ थोडा असेल तर

सेबू बेटाच्या नैर्ऋत्येला मोआलबोआल, उत्तर टोकापलीकडे मालापास्कुआ बेट. मोआलबोआलला सार्डिन माशांचा प्रचंड थवा किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असतो, तो स्नॉर्केल लावूनही उत्तम दिसतो. म्हणून डायव्हचे पैसे मालापास्कुआसाठी राखावेत, असं मला वाटतं. लांब शेपटीचे थ्रेशर शार्क पहाटे तिथल्या पाण्याखालच्या उंचवट्यांवर छोट्या माशांकडून अंग साफ करून घ्यायला खोल पाण्यातून वर येतात. त्यासाठी पहाटे उठावं लागतं, आणि ते सार्थकी लागतं.

मुक्कामांचा क्रम

अनेक दिवस डायव्ह केल्यावर शेवटच्या डायव्हनंतर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्यायचे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. डोंगर मात्र विसरला जातो. डायव्ह करताना शरीरात विरघळलेला नायट्रोजन, हवेचा दाब कमी असल्याने, विमानाप्रमाणेच डोंगराच्या उंचीवरही त्रास देतो. लोंबोकवरचा रिंजानी ज्वालामुखी ३,७२६ मीटरचा आहे; गिलीला जायच्या आधी तो चढून घ्या, नंतर नको. तुलांबेनहून दुपारी निघून किंतामणीच्या घाटमाथ्यावरून परतणंही टाळा, किनाऱ्याच्या रस्त्याने जा.

आणि निघण्याआधी घरीच डायव्हिंग कोर्सची वैद्यकीय प्रश्नावली वाचा. दमा, कानाची शस्त्रक्रिया, रक्तदाबाची औषधं यांतलं काही असेल तर डॉक्टरांची सही लागते. ती बेटावर मिळवायला धावाधाव होते आणि कोर्सचा एक दिवस जातो. प्रवास विम्यात डायव्हिंग किती मीटरपर्यंत धरलं आहे तेही त्याच वेळी पाहा.