रोम गेल्यावर: ब्रिटन आणि इटली

‘रोम ४७६ मध्ये पडलं’ हे शाळेत घोकलेलं वाक्य ब्रिटनला लागू होत नाही आणि इटलीलाही धड नाही.

ब्रिटनमधून रोमन सत्ता इ.स. ४१०च्या सुमारास गेली. नाणी यायची ती मुख्यतः सैनिकांच्या पगारासाठी; सैन्य गेलं, नाणी थांबली. पुढच्या काही दशकांत कुंभाराचं चाकही बंद पडलं. आधी सामान्य शेतकऱ्याच्या घरातही चाकावरची, नीट भाजलेली भांडी असत. नंतरची मडकी हातानं थापलेली, जाडीभरडी. विटा भाजणं तर कित्येक शतकं थांबलं.

इटलीत उलट. ४७६ला पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवटचा बादशहा पदच्युत झाला, पण सिनेट, कर, लॅटिन दप्तर सगळं चालू राहिलं. गॉथ या जर्मानिक टोळीचा राजा थिओडोरिक (४९३–५२६) उत्तर इटलीतल्या राव्हेन्नातून कारभार बघायचा, नाण्यावर मात्र कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे शिल्लक राहिलेल्या पूर्व रोमन साम्राज्याच्या सम्राटाचं नाव! रोमच्या डागडुजीसाठी त्यानं पाडून घेतलेल्या विटांवर त्याच्या नावासोबत ‘भाग्यवान रोम’ असा शिक्का सापडतो.

इटलीची खरी वाट लावली ती रोमन सम्राटानंच, असं माझं मत. इटली परत मिळवण्यासाठी पूर्वेचा सम्राट जस्टिनियननं गॉथांशी ५३५ ते ५५४ युद्ध लढलं. ५३७च्या वेढ्यात गॉथांनी रोमला पाणी आणणारे कालवे तोडले, पाण्यावरच्या पिठाच्या गिरण्या बंद पडल्या. जस्टिनियनचा सेनापती बेलिसारियसनं मग टायबर नदीत होड्या बांधून त्यांवर जाती फिरवली. ब्रिटनमध्ये तोवर गिरणी दुरुस्त करा म्हणून सांगणारंही कुणी उरलं नव्हतं.