बेसच्या नेकसाठी ट्रू-ऑइल: पाठीला उत्तम, फ्रेटबोर्डला अपुरे

बर्चवूड केसी या अमेरिकी कंपनीचे ट्रू-ऑइल मुळात बंदुकीच्या लाकडी दस्त्यासाठी असले, तरी मेपल लाकडाची नेक (गिटारची मान, जिच्या पाठीवर अंगठा टेकतो) असलेल्या बेस गिटारवर ते सर्रास वापरले जाते. म्यूझिक मॅन या गिटार कंपनीच्या अनेक बेसच्या नेकना तर कारखान्यातच गनस्टॉक (बंदुकीच्या दस्त्याचे) तेल आणि मेण लावलेले असते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा (कृत्रिम वार्निशचा) चकचकीत थर असलेल्या नेकवर घामाने अंगठा अडखळतो, अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी या बाटलीचा जरूर विचार करावा.

जवसाचे व इतर तेलांचे हे मिश्रण हवेतील ऑक्सिजनमुळे आळते, त्यामुळे सगळी मदार तेलाचा हात किती पातळ मारला यावर आहे. जुना थर पॉलिश पेपरने उतरवून लाकूड कोरे केल्यावर सुती चिंधीने इतकेच तेल चोळावे की मेपलच्या रेषा उजळाव्यात, पण पृष्ठभागावर ओल साचू नये. जाड हात कित्येक दिवस चिकट राहतो, पावसाळ्यात तर अधिकच. शेवटी अतिबारीक स्टील वूल (पोलादी तारेचा काथ्या) फिरवले की पाठ रेशमासारखी होते आणि पहिल्या फ्रेटवरून (नेकवरच्या आडव्या धातूपट्टीवरून) बाराव्यापर्यंत हात विनासायास सरकतो. मात्र स्टील वूलची भुकटी पिकअपच्या (तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाच्या) चुंबकांना चिकटते, म्हणून नेक आधी बॉडीपासून सोडवून घ्यावी. तेलकट चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये. तो आपोआप पेट घेऊ शकतो.

फ्रेटबोर्डसाठी, म्हणजे नेकच्या पुढच्या, तारांखालच्या पट्टीसाठी, मात्र मी हे तेल सुचवणार नाही. रोझवूड स्वभावतःच तेलकट असल्याने त्याला अधूनमधून लेमन ऑइल पुरते, तर मेपलचा बोर्ड बोटांच्या मळाने काळवंडतो व तारांखाली तेलाचा पातळ थर लवकर झिजतो. तिथे कडक लॅकरच (वार्निशचा थर) हवे. फ्रेट नसलेल्या (फ्रेटलेस) बेसवर तर राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या खडबडीत, तारा लाकूडच खरवडतात. प्रसिद्ध फ्रेटलेस बेसवादक जाको पास्टोरियस यांनी आपल्या जॅझ बेसच्या (फेंडर कंपनीच्या एका मॉडेलच्या) बोर्डवर बोटींसाठीचे इपॉक्सी, म्हणजे कडक रेझिन, चढवले, ते उगाच नव्हे.

नायट्रोसेल्युलोज लॅकर (जुन्या गिटारींवरचे वार्निश) शाबूत असलेल्या जुन्या वाद्याला हात लावू नये, कारण मूळ थर गेला की किंमतही घटते. एरवी 90 मिलीची लहान बाटलीच घ्यावी; एका नेकला त्यातले थोडेच लागते आणि उघडलेल्या बाटलीतले उरलेले तेल हवेने घट्ट होत जाते.