जीएसटी लेखापरीक्षणाची तयारी: बाहेरचा कर सल्लागार की कारखान्यातला हिशेबनीस?

व्हॅट जाऊन 2017 मध्ये जीएसटी आला, तरी सोलापुरातील व्यापारी जीएसटी कार्यालयाला आजही सेल्स टॅक्सच म्हणतात. जीएसटी कायद्याच्या कलम 65 ची, म्हणजे खात्याकडून होणाऱ्या लेखापरीक्षणाची, नोटीस आल्यावर वह्या कोणी तयार करायच्या, हा प्रश्न अनेकांपुढे असतो. अक्कलकोट रस्त्यावरील माझ्या टॉवेलच्या कारखान्यासाठी मी दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर बाहेरचा सल्लागार निश्चितच सरस आहे. अधिकारी कोणत्या मुद्द्यावर थांबतील आणि उत्तरात काय लिहावे, याची त्याला जाण असते. 2बी शी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या विवरणाशी) खरेदीचा मेळ घालणे किंवा सूत व्यापाऱ्याचे पैसे 180 दिवसांत न गेल्यास क्रेडिट, म्हणजे खरेदीवरील कराची घेतलेली वजावट, परत करणे, ही कामे तो वेळेवर करतो. दरमहाचा पगारही वाचतो. त्यामुळे केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या नवी पेठेतील दुकानदाराला मी हाच मार्ग सुचवेन.

माझी अडचण निराळी होती, ती जॉबवर्कच्या चलनांची, म्हणजे प्रक्रियेसाठी दुसऱ्याकडे पाठवलेल्या मालासोबत जाणाऱ्या कागदांची. सूत रंगाईला एका चलनावर जाते, परंतु परत येताना रंगाप्रमाणे तीन-चार खेपांत येते, ब्लीचिंगमध्ये त्याचे वजन घटलेले असते आणि रंगाईवाल्याच्या कागदावर बहुतेक वेळा त्याचा स्वतःचाच क्रमांक असतो, आमच्या चलनाचा नसतो. कोणता माल कोणत्या चलनाचा, हे गाडी दारात उभी असेपर्यंतच खात्रीने सांगता येते. सल्लागाराकडे मात्र महिन्याअखेर बिले आणि बँकेचे उतारे जात, चलने कधीच जात नसत. नोटीस आली तेव्हा हाती 15 कामकाजाचे दिवस होते आणि त्यांतील नऊ दिवस आम्ही दोघे गोदामातील गठ्ठे सोडून वजने जुळवत बसलो. पाठवलेला माल एका वर्षात परत आल्याचे दाखवता आले नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असे धरून कर आणि व्याज लागते, म्हणून जुळवणी सोडूनही चालणार नव्हते. यात सल्लागाराला दोष देणे योग्य होणार नाही, कारण जे कागद त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत, त्यांचा हिशेब त्याने कसा ठेवावा?

त्यानंतर मी कारखान्यातच हिशेबनीस नेमला. माल उतरतानाच तो आमच्या मूळ चलनाचा क्रमांक रंगाईवाल्याच्या कागदावर लिहून घेतो, घट वेगळ्या रकान्यात मांडतो आणि आठ महिने उलटूनही अपुरे असलेले चलन मला दाखवतो. आयटीसी-04 (जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचे विवरणपत्र) भरताना पूर्वी जी धावपळ होई ती आता होत नाही. या पद्धतीचे तोटेही सांगायला हवेत. पहिला हिशेबनीस वर्षभरातच दुसरीकडे गेला, आणि कायद्यातील बदल त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचत. वही ठरावीक रकान्यांची असल्यामुळे नव्या माणसाने ती आठवड्यात उचलली, एवढेच समाधान. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने कागद सांभाळायचे असल्याने, माणूस बदलला तरी टिकेल अशी वही मला अधिक मोलाची वाटते.

नोटिशीचे उत्तर मी अजूनही सल्लागाराकडूनच लिहून घेतो, तेवढे काम हिशेबनिसावर टाकण्याचे धाडस मला होत नाही. ज्यांचे सूत, बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेले रूळ) किंवा शिलाईचा माल सतत बाहेर जातो-येतो, त्यांनी माझ्या मते पगाराचा खर्च सोसावा. तो परवडत नसेल, तर दरमहा चलनेही तपासाल का, हे सल्लागाराला काम सोपवण्यापूर्वीच विचारून घ्यावे. मी विचारले तेव्हा दोघांनी नकार दिला होता आणि एकाने त्यासाठी सांगितलेली फी हिशेबनिसाच्या पगाराच्या जवळपास होती.