कोबो टूलबॉक्स : पेठ तालुक्यात वापरल्यानंतरचा अभिप्राय

नाशिकमध्ये आयटीत नोकरी करत असाल आणि आपलं काम एखाद्या संस्थेच्या उपयोगी पडावं असं वाटत असेल, तर नवीन अ‍ॅप बनवायला बसण्याआधी कोबो टूलबॉक्स हे फोनवर सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घेण्याचं साधन वापरून बघा. मी मूळची सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली. आमच्या कंपनीत स्वयंसेवेसाठी काही तास मिळतात. ते मी पेठ तालुक्यात बालकुपोषणावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेला देते. तिथलं सगळं सर्वेक्षण आता कोबोवर चालतं.

त्याआधी त्यांच्याकडे एका मोठ्या कंपनीच्या स्वयंसेवकांनी बनवलेलं अ‍ॅप होतं. दिसायला देखणं. उद्घाटन झालं, फोटो निघाले, बनवणारे पुढच्या प्रोजेक्टवर गेले. फोनमधलं अँड्रॉइड बदललं तसं ते उघडेनासं झालं आणि दुरुस्त करायला कोणी उरलं नाही. कार्यकर्त्या पुन्हा वहीवर आल्या. मला याचा राग येतो, कारण त्या बायकांना वाटत राहिलं की आपल्यालाच ते जमलं नाही.

कोबोचं वेगळेपण इथेच आहे. हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमधून सुरू झालेली ही ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली प्रणाली. फॉर्म चक्क एक्सेलमध्ये लिहिता येतो: एका शीटवर प्रश्न, दुसऱ्यावर पर्याय. मराठी व्यवस्थित चालते. फोनवर कोबोकलेक्ट हे त्याचं अ‍ॅप टाकलं आणि फॉर्म एकदा उतरवून घेतला की माहिती भरायला नेट लागत नाही. सावळघाटापलीकडे पाड्यांवर रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे गुगल फॉर्म्स आमच्या कामाचंच नव्हतं.

आता दंडघेराचा प्रश्न बघा. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचा दंडघेर टेपने मोजतात. ११.५ सेंटीमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, म्हणजे लाल गट; ११.५ पासून १२.५ च्या आत मध्यम. संस्थेच्या पहिल्या एक्सेलमध्ये बरोबर ११.५ आलेलं मूलही लाल यादीत जात होतं. टेस्टरचा हात आपोआप काठावरच्या आकड्यांकडे जातो: ११.४, ११.५, १२.४, १२.५. चारही भरून पाहिले आणि अट नीट केली. जन्मतारखेवरून वय महिन्यांत निघतं, सहा महिन्यांखालच्या बाळाला टेपचा प्रश्नच दिसत नाही. आकडा लाल गटातला असेल तरच संदर्भसेवेचे, म्हणजे मुलाला दवाखान्यात पाठवण्याचे, पुढचे प्रश्न उघडतात. पहिल्या दिवशी एका ताईंनी टेपवरचे मिलिमीटर तसेच टाकले. "ताई, हे एकशे पंधरा घेतच नाही ओ!" नाहीच घेणार. खाली मराठीत सूचना आली, ‘सेंटीमीटरमध्ये लिहा’, आणि त्यांनी स्वतःच ११.५ केलं. ऑफिसात दिवसभर आम्ही हेच करतो, पण इथे एका आकड्यावर मूल दवाखान्यात जाणार की नाही हे ठरतं.

उणिवाही आहेत. तयार आलेख अगदी जुजबी, अहवालासाठी माहिती एक्सेलमध्येच काढावी लागते. मोफत खात्याला साठवणुकीची मर्यादा आहे. फोटो घेणार असाल तर फॉर्ममध्येच त्यांचा आकार कमी करून ठेवा. फॉर्म बदलला की प्रत्येक फोनवर नवी आवृत्ती पोहोचली का हे बघावं लागतं, नाहीतर अर्ध्या पाड्यांतून जुन्या फॉर्मवरची माहिती येते. न पाठवलेले फॉर्म फोनमध्येच असतात, फोन गेला की तेही गेले. म्हणून आमच्याकडे बाजाराच्या दिवशी पेठला आलं की आधी सगळं पाठवायचं, मग बाजार.

खातं संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्याच ईमेलवर उघडा, स्वतःच्या नाही. मुलांची नावं सगळ्यांना दिसायची गरज नसते. कोणाला काय दिसावं हे ठरवता येतं, ते पहिल्याच दिवशी करून टाका.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे ठरावीक निकषांतल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, त्यामुळे पैशाच्या गोष्टी खूप होतात. छोट्या संस्थांना पैशाइतकीच गरज असते ती सोबत बसून एक्सेल शिकवणाऱ्या माणसाची. त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. उलट, पाड्यावर बसून ‘तुम्हाला नेमकं काय कळायला हवंय?’ हे विचारायची सवय लागली आणि त्याच जोरावर मी ऑफिसात टेस्टिंगमधून बिझनेस अ‍ॅनालिसिसकडे गेले. अप्रेझलमध्ये हे काम मी ठळकपणे लिहिते. तुम्हीही लिहा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. गेल्या पावसाळ्यात अतिसाराचे दोन प्रश्न वाढवायचे होते, तेव्हा मी रिलीजमध्ये अडकले होते. संस्थेतल्या ताईंनी एक्सेलमध्ये ओळी घातल्या, फॉर्म चढवला आणि मला कळवलं ते काम झाल्यावर.